पहिल्या पिढीतील व्यावसायिक फुटबॉलपटू आणि क्रीडासाहित्याचा धंदा: बिली मेरेडिथच्या दुकानाविषयी

मैदानाकाठी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझे वडील मुंबईतील एका गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळत असत. गिरणीच्या हजेरीपटावर त्यांची नोंद कारकून अशी होती, पण दुपारनंतर त्यांना सरावासाठी सोडले जाई आणि त्यांच्या नोकरीचे खरे कारण काय आहे हे खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. पुढे गुडघा दुखावला, खेळ सुटला आणि हाती आलेल्या थोड्याशा रकमेतून त्यांनी उपनगरात क्रीडासाहित्याचा एक लहान गाळा घेतला. तो गाळा आज मी चालवतो. सुरुवातीची कित्येक वर्षे गिऱ्हाईक माल पाहून येत नसे, वडिलांना पाहून येत असे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

गेल्या महिन्यात जुन्या इंग्लिश फुटबॉलविषयी वाचताना असे आढळले की वेल्सचा सुप्रसिद्ध उजवा विंगर बिली मेरेडिथ याचेही मँचेस्टरमध्ये क्रीडासाहित्याचे दुकान होते. हे वाचून मी बराच वेळ थबकलो. ज्याचा खेळ पाहायला हजारो लोक तिकीट काढून येत, त्याने खेळत असतानाच दुकान का घातले असेल? हा प्रकार त्या काळी सर्रास होता की मेरेडिथ हा अपवाद होता? शिवाय हे खेळाडू केवळ विक्री करत, की बूट, चेंडू आणि पोशाख बनवणाऱ्या कारखानदारांशी त्यांचे काही नाते होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

---

जुनी_पाने यांचे उत्तर

प्रश्न मनापासून आवडला. मेरेडिथविषयी लिहिताना बहुतेक जण त्याच्या दातांत धरलेल्या काडीविषयी लिहितात आणि दुकानाचा उल्लेख एका वाक्यात उरकतात. माझ्या मते त्याचे आयुष्य समजून घ्यायचे तर ते दुकान मध्यभागी ठेवावे लागते.

मेरेडिथचा जन्म १८७४ साली उत्तर वेल्समधील चर्क या खाणीच्या गावी झाला. वयाच्या बाराव्या वर्षी तो ब्लॅक पार्क कोळसाखाणीत लागला. तेथे कोळशाच्या डब्यांना जुंपलेली तट्टे हाकण्याचे काम त्याच्याकडे असे. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतले, तरी खाणीतील काम त्याने लगेच सोडले नाही. शनिवारी मँचेस्टरसाठी सामना आणि त्यानंतर पुन्हा जमिनीखाली पाळी, असा क्रम काही काळ चालला. ज्या घरात सगळ्यांची भाकर खाणीवर अवलंबून होती, त्या घरातून आलेल्या माणसाला फुटबॉलचा पैसा किती दिवसांचा पाहुणा आहे याची जाणीव पहिल्यापासून होती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास जुलै १८८५ मध्ये मान्यता दिली. त्याआधीचा प्रकार आपल्या वडिलांच्या गिरणीसारखाच होता, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. लँकेशायरमधील संघ स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणत, त्यांना गावातल्या गिरणीत किंवा कारखान्यात नावापुरते काम देत आणि वरची रक्कम गुपचूप पोचवत. १८८४ च्या आरंभी प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा त्या संघाचे सूत्रधार विल्यम सुडेल यांनी आपण पैसे देतो हे उघडपणे मान्य केले. संघाला त्या वर्षीच्या एफ.ए. कपमधून, म्हणजे असोसिएशनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून, बाहेर पडावे लागले, पण झाकलेली मूठ उघडली ती उघडलीच.

मान्यता मिळाली म्हणजे खेळाडूचे भले झाले असे मात्र घडले नाही. १९०१ पासून असा नियम लागू झाला की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा अधिक वेतन देता येणार नाही आणि जिंकल्याबद्दलचे बक्षीसही देता येणार नाही. त्या काळच्या दराने एका पौंडाचे १५ रुपये होत, म्हणजे आठवड्याला ६० रुपये. खाणकामगाराच्या मानाने ही रक्कम निश्चितच बरी होती, परंतु जो खेळाडू मैदान भरवतो त्याला आणि जो बाकावर बसून राहतो त्याला एकच कमाल मर्यादा, आणि तीही तिशीच्या पुढे गुडघे टिकले तरच. त्यातून क्लबची परवानगी नसेल तर खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. पगार वाढवून मागता येत नाही, मालक बदलता येत नाही, अशा अवस्थेत खेळाडूच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याचे नाव. क्लबने काय द्यावे यावर नियमाचे कुंपण होते. आपल्या नावावर दुकान चालवून गल्ल्यात काय जमवावे यावर ते नव्हते. मेरेडिथचे दुकान या फटीत उभे राहिले असे मी मानतो.

मर्यादा मोडण्याचा दुसरा मार्ग चोरवाटेचा होता आणि मेरेडिथने तोही चालून पाहिला होता. १९०४ साली त्याच्या नेतृत्वाखाली आणि त्याच्याच एकमेव गोलावर सिटीने बोल्टन वाँडरर्सला हरवून एफ.ए. कप जिंकला. पुढच्या वर्षी अ‍ॅस्टन व्हिलाच्या एका खेळाडूला लाच देऊ केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर बंदी आली. क्लबने हात वर केले, तेव्हा त्याने क्लबचे गुप्त व्यवहार बाहेर काढले. चौकशीत सिटी अनेक खेळाडूंना मर्यादेपेक्षा जास्त पैसे देत असल्याचे उघड झाले, १७ खेळाडूंवर कारवाई झाली आणि तो संघ जवळजवळ मोडीत निघाला. मेरेडिथ मँचेस्टर युनायटेडकडे गेला. बंदी संपताच १ जानेवारी १९०७ रोजी तो नव्या संघाकडून मैदानात उतरला.

त्याच वर्षी २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली आणि त्या सभेचे अध्यक्षपद मेरेडिथकडे होते. वेतनमर्यादा उठवावी, क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य द्यावे आणि दुखापत झाल्यास इतर कामगारांप्रमाणे भरपाई मिळावी, या मागण्या संघटनेपुढे होत्या. आपल्या वडिलांच्या गुडघ्याविषयी वाचताना मला या तिसऱ्या मागणीची फार आठवण झाली.

१९०९ हे वर्ष तर एखाद्या नाटकाच्या तिसऱ्या अंकासारखे आहे. एप्रिलमध्ये युनायटेडने ब्रिस्टल सिटीला १-० असे हरवून आपला पहिला एफ.ए. कप जिंकला. उन्हाळ्यात असोसिएशनने फर्मान काढले की संघटनेचा राजीनामा द्या, नाहीतर खेळ बंद. ठिकठिकाणच्या खेळाडूंनी मुकाट्याने सह्या केल्या, पण युनायटेडच्या खेळाडूंनी केल्या नाहीत. त्यांचे वेतन थांबले. सरावाला मैदान मिळेना तेव्हा दुसरीकडे एकत्र जमून त्यांनी ‘आउटकास्ट्स’ म्हणजे बहिष्कृत या नावाने छायाचित्र काढून घेतले. नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा, ऑगस्टच्या अखेरीस, असोसिएशनने संघटनेचे अस्तित्व मान्य केले. आणि याच वर्षी मेरेडिथच्या दुकानाला आग लागली. माल गेला, देणी राहिली आणि त्याच्यावर दिवाळखोरी ओढवली. वयाच्या पस्तिशीत, कपविजेत्या संघाचा सर्वांत नामवंत खेळाडू पुन्हा आठवड्याच्या पगारावर येऊन ठेपला.

तो ४९ वर्षांचा होईपर्यंत खेळला, १९२४ च्या कप स्पर्धेच्या उपांत्य सामन्यातही होता, याचे सर्वांना कौतुक वाटते आणि ते योग्यच आहे. वेल्ससाठी त्याने ४८ सामने खेळले, हाही त्या काळी मोठा आकडा होता. परंतु इतकी वर्षे खेळत राहण्यामागे आवडीबरोबर गरजही असावी, असे त्या जळालेल्या दुकानाचा हिशेब मांडताना मला नेहमी वाटते.

---

बर्मिंगहॅमचा_पाहुणा यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे. मी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला अठरा वर्षे राहतो आहे, त्यामुळे कारखानदारांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

या शहरातील न्यूटाउन रो या रस्त्यावर विल्यम शिलकॉक यांचे दुकान होते. ते स्वतः खेळाडू म्हणून प्रसिद्ध नव्हते. फुटबॉल आणि फुटबॉलचे बूट बनवणारे म्हणून त्यांचे नाव होते. १८९५ साली अ‍ॅस्टन व्हिलाने वेस्ट ब्रॉमिच अल्बियनला हरवून कप जिंकला आणि तो चांदीचा कप शिलकॉक यांनी मागून घेऊन आपल्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवला. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत दुकानदार मूर्तीभोवती आरास करतात, तशी त्या खिडकीत बूट आणि चेंडूंच्या मधोमध कपाची आरास होती. ११ सप्टेंबरच्या रात्री चोर आले आणि कप घेऊन गेले. १० पौंडांचे इनाम लावूनही तो परत मिळाला नाही. असोसिएशनने व्हिलाला २५ पौंड दंड केला आणि त्यातून नवा कप करायला टाकला.

तो नवा कप कोणी बनवला, यात आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. बर्मिंगहॅमच्या व्हॉटन्स या चांदीकामाच्या कारखान्याने तो घडवला, आणि त्या कारखान्याच्या मालकांपैकी एक हॉवर्ड व्हॉटन म्हणजे व्हिलाचाच जुना खेळाडू. १८८२ साली बेलफास्टमध्ये इंग्लंडने आयर्लंडला १३-० असे हरवले, तेव्हा पदार्पणातच पाच गोल करणारा तो हाच. १८८७ साली व्हिलाने पहिल्यांदा कप जिंकला त्या संघातही तो होता. म्हणजे ज्या कपासाठी तो खेळला, तो चोरीला गेल्यावर त्याच्याच कारखान्यात नवा घडला! पदके, बिल्ले आणि करंडक हेही क्रीडासाहित्यच धरले, तर खेळाडू आणि उत्पादक एकाच माणसात असल्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. हा कारखाना ज्या भागातला, ती जवाहिरांची जुनी पेठ आजही नांदती आहे आणि तिथल्या अरुंद गल्ल्यांतून चालताना मला पुण्याच्या सोन्या मारुती चौकाची आठवण होते.

दुसरी गोष्ट व्हिलाचेच पदाधिकारी विल्यम मॅकग्रेगर यांची. १८८८ मध्ये बारा संघांना एकत्र आणून फुटबॉल लीग सुरू करण्यामागे त्यांचा पुढाकार होता. व्यवसायाने ते कापड दुकानदार होते आणि त्यांच्या दुकानात फुटबॉलचे पोशाखही विकले जात. सामने ठरलेल्या दिवशी नियमितपणे होऊ लागले की पोशाख, बूट, चेंडू यांची मागणीही नियमित होते, हे दुकानदाराच्या नजरेला चटकन दिसते. लीग त्यांनी धंद्यासाठी काढली असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांची खेळावरची निष्ठा निर्विवाद आहे. परंतु क्रीडासाहित्याच्या व्यापाराला व्यावसायिक फुटबॉलने जो आधार दिला तो या वेळापत्रकाने दिला, असे माझे मत आहे.

---

करवीरचा_बॅक यांचे उत्तर

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गावाचे व्यवहार थंडावतात, हे इथल्या अनेकांना माहीत असेल. इतिहासातले मला फारसे कळत नाही, पण त्या काळचा चेंडू कसा असे हे मी लिहू शकतो, कारण तसाच लेसचा चेंडू माझ्या लहानपणी आमच्या तालमीत एक शिल्लक होता आणि त्याची देखभाल माझ्याकडे असे.

कमावलेल्या गाईच्या कातड्याच्या लांबट पट्ट्या रापीने कापायच्या, कडेने आरीने समान अंतरावर भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया ओवून चेंडू आतून, म्हणजे उलटा, शिवत आणायचा. कातडे पाठीकडचे घ्यावे लागते, कारण पोटाकडचे कातडे ताणते आणि मग चेंडू चार सामन्यांत भोपळ्यासारखा होतो. शेवटी एक चीर मोकळी ठेवून सगळा चेंडू त्यातून उलटवून सुलटा करतात, आत रबरी ब्लॅडर घालतात, पंपाने हवा भरतात, ब्लॅडरची नळी दुमडून दोरीने आवळतात, ती आत सारतात आणि चीर लेसने ओढून बंद करतात. ही लेस ओढायला एक खास आरी लागते. तिच्या टोकाजवळ सुईसारखे नेढे असते. लेस जरा सैल राहिली की तिथे गाठीचा उंचवटा येई आणि नेमका तोच भाग हेडरच्या वेळी कपाळावर बसे. माझ्या डाव्या भुवईवर त्याची खूण अजून आहे. पावसात हे कातडे पाणी पिऊन इतके जड होई की मध्यंतरानंतर गोलकीपरने मारलेला चेंडू अर्ध्या मैदानाच्या अलीकडेच पडे.

रबरी ब्लॅडर येण्यापूर्वी डुकराचे मूत्राशय फुगवून वापरत. इंग्लंडमधील रग्बी गावचे चेंडू बनवणारे रिचर्ड लिंडन यांची पत्नी ही मूत्राशये तोंडाने फुगवत असे आणि त्यातूनच फुप्फुसाचा आजार होऊन ती वारली, असे सांगतात. लिंडन यांनी पुढे रबराचे ब्लॅडर आणि हवा भरण्याचा पंप तयार केला. हे वाचले तेव्हापासून पंप हातात घेताना मला त्या बाईची आठवण होते. मेरेडिथसारख्यांच्या दुकानात जो चेंडू टांगलेला असेल, त्यामागे असे कितीतरी हात होते.

आपल्या उपखंडात हे काम सियालकोटच्या कारागिरांनी उचलले आणि फाळणीनंतर तिथले अनेक हिंदू कारागीर जालंधर आणि मेरठ येथे येऊन स्थिरावले. मैदानाकाठी, आपल्या दुकानातला चेंडू बहुधा याच दोन गावांतून येत असेल.

---

मैदानाकाठी

सर्वांचे अत्यंत आभार. होय, आमचे चेंडू जालंधरहूनच येतात. जुनी_पाने, एक शंका राहिली. मेरेडिथ दुकानदार झाला, व्हॉटन चांदीच्या कारखान्याचा मालक झाला. पण आजच्यासारखे खेळाडूचे नाव बुटावर छापून विकणे त्या काळी सुरू झाले होते का? आणि दुकान घालून यश मिळवलेला कोणी खेळाडू होता का?

---

जुनी_पाने यांचे उत्तर

नाव छापून विकणे सुरू झाले होते. डर्बी काउंटीचा स्टीव्ह ब्लूमर याचे उदाहरण घ्या. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल करणारा हा खेळाडू लोहारकाम करणाऱ्यांच्या वस्तीत जन्मला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या नावाचे फुटबॉल बूट जाहिरात करून विकले जात आणि ते घातले की गोल होणारच, असा त्या जाहिरातींचा रोख असे. ज्या काळात क्लब ४ पौंडांवर एक पेनी देऊ शकत नव्हता, त्या काळात बूट बनवणारा मात्र खेळाडूच्या नावाची किंमत मोजायला तयार होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

बूट हा तसा सोपा माल नव्हता. १८६३ च्या पहिल्या नियमांतच बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या आणि गटापर्चा (झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा टणक पदार्थ) यांना मनाई होती. पुढे तळाला चामड्याच्या पट्ट्या आणि गुंड्या लावण्याची मुभा मिळाली. बूट घोट्याच्या वर येणारे, जाड आणि पुढच्या टोकाला टणक असत. अशा मालात कोणत्या उत्पादकाचा चांगला हे गिऱ्हाइकाला बाहेरून कळत नाही. तेथे ओळखीच्या खेळाडूचे नाव कामी येते. आपले गिऱ्हाईक वडिलांना पाहून येत असे म्हणता, ते हेच.

कधी कधी खेळाडूनेच वस्तू शोधून काढली आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सॅम वेलर विडोसन क्रिकेटही खेळत असे. नडगीवर बसणाऱ्या लाथांना कंटाळून त्याने १८७४ साली क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांवरून पट्ट्यांनी बांधले. लोकांनी आधी हसून घेतले आणि मग सगळ्यांनी तेच बांधायला सुरुवात केली. आज आपण जे शिनगार्ड विकता त्यांचा हा मूळपुरुष.

दुकानाविषयी विचारलेत, तर फ्रँक सग याचे नाव आधी घ्यावे लागेल. १८६२ साली इल्केस्टनला जन्मलेला हा गृहस्थ लँकेशायरचा व्यावसायिक क्रिकेटपटू होता. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडकडून दोन कसोटी सामने खेळला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या लीगच्या पहिल्या हंगामात एव्हर्टनकडून फुटबॉलही खेळला. शेफील्ड वेन्सडे, डर्बी काउंटी आणि बर्नली यांच्याकडूनही तो खेळला होता. भाऊ वॉल्टर याच्याबरोबर त्याने क्रीडासाहित्याचा व्यवसाय उभारला आणि लिव्हरपूलच्या आपल्या पेढीतर्फे क्रिकेटचे वार्षिक अंकही प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फुटबॉल, त्यामुळे वर्षभर मालाची विक्री आणि दोन्ही खेळांतील गिऱ्हाइकांना ओळखीचे नाव. मेरेडिथकडे यातला हिवाळाच तेवढा होता. सगच्या बाजूला भाऊ होता, हेही विसरू नये. खेळाडू गावोगावी सामन्यांना गेला की गल्ल्यावर बसायला घरचा माणूस लागतो, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल.

---

मैदानाकाठी

अगदी खरे आहे. वडील जिल्ह्याच्या संघाला शिकवायला जात तेव्हा गल्ल्यावर आई बसत असे आणि उधारीची वही तिच्याच अक्षरात आहे.

करवीरचा_बॅक, आपले उत्तर वाचून मी आज दुकानाचा सर्वांत खालचा खण उघडला. त्यात लाकडी मुठीची, किंचित वाकलेली आणि टोकाजवळ नेढे असलेली एक आरी वडिलांनी जपून ठेवली आहे. रॅकेटच्या तारा ओढण्याचे जुने हत्यार असावे असे मी इतकी वर्षे समजत होतो. मुठीवर अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून खड्डा पडला आहे.